टीसी घ्यावा की मोठी लेन्स?

दिवाळी सरली, निफाडच्या बाजूला पहाटे धुकं धरायला लागलं, की तेच प्रश्न वेगवेगळ्या माणसांकडून यायला लागतात. ‘माझ्याकडे ७०-३०० आहे, त्यावर टू-एक्स टीसी टाकला तर ६०० होते ना?’ ‘४०० घेऊन वर १.४ लावू, की सरळ १५०-६०० घेऊ?’ ‘टेलिकन्व्हर्टर घेतला, पण कॅमेरा फोकसच करत नाही, पीस खराब आहे का?’ विचारणारे बहुतेक जण पैसे खर्च करायच्या बेतात असतात, काही करून बसलेले असतात. म्हणून उत्तर आधीच सांगून टाकतो.

पहिलीच टेलिफोटो घेत असाल, तर टीसीशिवाय, म्हणजे टेलिकन्व्हर्टरशिवाय, ५०० किंवा ६०० मिलिमीटरपर्यंत जाणारी झूम घ्या आणि टीसीचा विचार निदान एक हिवाळा पुढे ढकला. ७०-३०० किंवा ५५-२५० सारख्या लेन्सवर लावायला टीसी घेऊ नका. कंपनीचा टीसी बहुधा त्यांच्यावर बसतच नाही, आणि दुसऱ्या कुणाचा बसवलात तर फोटो असा येतो की चार दिवसांत तो टीसी कपाटात जातो. याला अपवाद आहेत, ते पुढे येतीलच.

आधी अंतर, मग मिलिमीटर

दुकानाच्या काउंटरवर उभं राहून ४०० आणि ६०० मधला फरक कळत नाही, कागदावर कळतो. फुल-फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ मिमी रुंद आणि २४ मिमी उंच असतो. समोरच्या पक्ष्याचं अंतर मीटरमध्ये धरा, त्याला ३६ ने गुणा आणि फोकल लेन्थने भागा. तेवढे मीटर रुंदीचं दृश्य तुमच्या चौकटीत मावेल. म्हणजे ६०० मिमीची लेन्स आणि ५० मीटर अंतर असेल, तर चौकट ३ मीटर रुंद आणि २ मीटर उंच. क्रॉप सेन्सरची बॉडी असेल तर ३६ च्या जागी निकॉन-सोनीला २३.५ आणि कॅननला २२.३ घाला. आता हे गणित आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या जागांना लावून बघा.

- नांदूर मध्यमेश्वर. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचं हे धरण, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ. चापडगावच्या मनोऱ्यावरून पक्षी किती लांब दिसतील हे पाणी किती चढलंय त्यावर ठरतं, पण १०० मीटर धरून चाला. ६०० मिमीला १०० मीटरवर चौकट ६ बाय ४ मीटरची होते. सव्वा मीटर उंचीचा रोहित त्यात जेमतेम एक तृतीयांश उंची घेतो. अर्ध्या मीटरचं थापट्या बदक रुंदीचा बारावा हिस्सा. १.४ टीसी लावून ८४० केलं तरी चौकट ४.३ मीटर रुंद राहते, बदक आठव्या हिश्शाचं होतं. मनोऱ्यावरून एकट्या बदकाचं ‘पोर्ट्रेट’ कोणत्याच परवडणाऱ्या लेन्सने मिळणार नाही. तिथून थवे, उडणारे चक्रवाक, पाण्यावर घिरट्या घालणारा मार्श हॅरियर टिपा. जांभळी पाणकोंबडी आणि खंड्या काठाजवळ येतात, त्यांच्यासाठी काठाने जाणाऱ्या वाटेवर दबून बसणं टीसीपेक्षा जास्त ‘रीच’ देतं.

- ममदापूर, येवला तालुका. काळवीट ६०-८० मीटरवर असेल, तर ६०० मिमीत साधारण चार-पाच मीटरची चौकट मिळते. काळवीट आणि त्याच्यामागचा माळ दोन्ही नीट मावतात, इथे ४०० सुद्धा चालते. खरं तर ममदापूरचा फोटो ४०० मध्येच जास्त बोलतो. माळ चौकटीबाहेर गेला की तो काळवीट कुठलाही असू शकतो.

- अंजनेरी आणि ब्रह्मगिरी. कड्यावरची लांब चोचीची गिधाडं दोन-दोनशे मीटरवर असतात. ६०० मिमीला तिथे १२ मीटर रुंदीची चौकट मिळते आणि सव्वादोन मीटर पंखांचं गिधाड तिच्या पाचव्या-सहाव्या हिश्शात बसतं. गिधाडाला कडा जोडूनच फोटो करा.

- घराची बाग, गंगापूर धरणाचा काठ. इथे प्रश्न उलटा असतो. शिंजीर तीन-चार मीटरवर असतो, आणि काही लेन्स इतक्या जवळ फोकसच करत नाहीत. कॅननची आरएफ ८०० एफ/११ सहा मीटरच्या आत फोकस करत नाही. निकॉनची २००-५०० मात्र २.२ मीटरपर्यंत येते. लेन्स घेताना फोकल लेन्थइतकाच ‘मिनिमम फोकस डिस्टन्स’चा आकडा विचारा. दुकानात तो कुणी आपणहून सांगत नाही.

टीसी देतो काय, घेतो काय

टीसी लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसतो आणि लेन्सने तयार केलेल्या प्रतिमेचा मधला भाग मोठा करून सेन्सरवर पसरवतो. प्रकाश तेवढाच, जागा जास्त. म्हणून अ‍ॅपर्चर पडतं:

- १.४ एक्स एक स्टॉप खातो. ४०० एफ/५.६ ची ५६० एफ/८ होते.
- १.७ एक्स (निकॉनच्या जुन्या एफ माउंटचा) दीड स्टॉप खातो.
- २ एक्स दोन स्टॉप खातो. तीच ४००, ८०० एफ/११ होते.

डिसेंबरात सकाळी सातच्या सुमारास नांदूरला एफ/५.६, १/१००० सेकंद आणि आयएसओ १६०० असं मोजमाप येत असेल, तर १.४ लावल्यावर आयएसओ ३२०० आणि २ एक्स लावल्यावर ६४००. शिवाय फोकल लेन्थ वाढली की हात हललेला दिसू नये म्हणून शटरही वेगवान लागतो. उडणाऱ्या पक्ष्याला १/२००० सेकंद हवा असेल, तर आयएसओ आणखी दुप्पट. धुक्याच्या सकाळी हा हिशोब लवकर हाताबाहेर जातो.

प्रतिमा मोठी होते तसे लेन्सचे दोषही मोठे होतात. जी लेन्स तिच्या सगळ्यात मोठ्या अ‍ॅपर्चरला आधीच जरा मऊ आहे, तिच्यावर टीसी लावला की तो मऊपणा उघडा पडतो. फोकसचा वेगही कमी होतो. कॅननच्या ईएफ एक्स्टेंडरबद्दल (कॅनन टीसीला एक्स्टेंडर म्हणते) कंपनीच सांगते की १.४ लावल्यावर फोकसचा वेग निम्म्यावर आणि २ एक्स लावल्यावर चौथाईवर येतो. अचूकता टिकावी म्हणून तो मुद्दाम कमी केलेला असतो.

टीसीचा एक फायदा मात्र कुणी फारसा सांगत नाही. लेन्सचं किमान फोकस अंतर टीसी लावल्यावरही तेवढंच राहतं. म्हणजे बागेतलं फुलपाखरू, चतुर, सरडा यांच्यासाठी १०० ते ४०० ची झूम आणि १.४ ही फार कामाची जोडी आहे.

‘फोकसच करत नाही’: पीस खराब नसतो

डीएसएलआर वापरणाऱ्यांनी हा भाग नीट वाचावा. डीएसएलआरचा ऑटोफोकस ठरावीक अ‍ॅपर्चरपर्यंतच चालतो. सुरुवातीच्या वर्गातल्या बॉडी, म्हणजे कॅनन १५००डी, २००डी किंवा निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिका, एफ/५.६ पर्यंतच भरवसा देतात. निकॉन डी७२०० आणि डी७५०० एफ/८ ला फक्त मधल्या एका पॉइंटवर फोकस करतात. कॅनन ७डी मार्क टू चंही तसंच. निकॉन डी५०० एफ/८ ला १५ पॉइंट देतो आणि कॅनन ५डी मार्क फोर सगळे ६१.

आता तुमची जोडी तपासा. सिग्मा किंवा टॅमरॉनची १५०-६०० पूर्ण टोकाला एफ/६.३ असते. तिच्यावर १.४ लावला की एफ/९ होतं, म्हणजे एफ/८ ची मर्यादाही ओलांडली. डीएसएलआरवर ही जोडी उन्हातही अडखळते, सावलीत पुढेमागे हंट करत राहते. पीस बदलून आणलात तरी हेच होईल.

मिररलेसमध्ये ही अडचण बरीच कमी झाली आहे. कॅननच्या आर५ आणि आर६ वर तर एफ/२२ पर्यंत ऑटोफोकस चालतो. त्यामुळे डीएसएलआरच्या काळात ‘टीसी बेकार’ म्हणणाऱ्यांचं मत आणि आज मिररलेसवाल्यांचं ‘टीसी मस्त’ हे मत, दोन्ही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. सल्ला घेताना देणाऱ्याची बॉडी कोणती ते आधी विचारा.

कोणता टीसी कशावर बसतो

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. बऱ्याच टीसींची पुढची काच बाहेर आलेली असते. ती लेन्सच्या मागच्या पोकळीत शिरते. पोकळी नसेल तर काचेवर काच आपटते. जोर लावून बसवू नका.

- कॅनन ईएफ (डीएसएलआर). कंपनीचे एक्स्टेंडर ७०-२०० आणि १००-४०० एल झूम आणि मोठ्या एल प्राइमसाठी आहेत. ७०-३००, ५५-२५०, ७५-३०० यांच्यावर नाही.
- कॅनन आरएफ (मिररलेस). १००-५०० वर एक्स्टेंडर बसतो, पण लावल्यावर झूम ३०० ते ५०० एवढ्याच भागात फिरते, ३०० च्या खाली येत नाही. बॅगेत ठेवतानाही लेन्स बाहेर काढलेलीच राहते. २००-८०० ला हा त्रास नाही. लहान १००-४०० वरही बसतो, पण १.४ ला ५६० एफ/११ होतं. ७०-२०० एफ/२.८ ची पहिली, बाहेर येणारी आवृत्ती एक्स्टेंडर घेत नाही, २०२४ ची ‘झेड’ आवृत्ती घेते. दुकानदाराला नेमकं नाव विचारा.
- निकॉन. झेड टीसी फक्त झेड लेन्सवर, आणि त्याही ठरावीक, जसं १००-४००, १८०-६००, ४०० एफ/४.५, ६०० एफ/६.३ आणि त्यापुढच्या. एफटीझेड अडॅप्टरवर झेड टीसी बसत नाही. जुनी २००-५०० झेड बॉडीवर लावत असाल तर क्रम असा ठेवा: लेन्स, एफ माउंटचा टीसी-१४ई थ्री, एफटीझेड, बॉडी.
- सोनी. कंपनीचे १.४ आणि २ एक्स कंपनीच्याच १००-४०० जीएम, २००-६०० जी आणि मोठ्या प्राइमवर. ७०-३५० वर नाही. सोनी ई माउंटची सिग्मा १५०-६०० किंवा टॅमरॉन १५०-५०० घेतलीत, तर तिच्यावर टीसी लावायची सोयच नाही. पुढे कधी टीसी घ्यायचा विचार असेल तर हा फरक आजच धरा.
- सिग्मा, टॅमरॉन (डीएसएलआरच्या). सिग्माला सिग्माचा टीसी-१४०१, टॅमरॉन जी-टूला टॅमरॉनचा टीसी-एक्स१४. अदलाबदल करू नका.

केन्कोचे टीसी बऱ्याच लेन्सवर बसतात, कारण त्यांची काच बाहेर आलेली नसते. पण बसणं वेगळं आणि चालणं वेगळं. विकत घेण्याआधी तुमच्याच बॉडीवर, तुमच्याच लेन्ससह, दुकानाबाहेर सावलीत जाऊन फोकस करून बघा.

डीएसएलआर असेल आणि बॉडीत एएफ फाइन ट्यून असेल, तर लेन्स एकटी आणि लेन्स अधिक टीसी या दोन्हींची जुळवणी वेगवेगळी करा. कॅमेरा दोन्ही आकडे वेगळे लक्षात ठेवतो.

टीसी लावू की फोटो कापू?

४५ मेगापिक्सेलची बॉडी असेल तर टीसी विकत घेण्याआधी क्रॉप करून बघा. १.४ पट कापलं की पिक्सेल निम्मे राहतात, ४५ चे साधारण २२. मोठा प्रिंट त्यात आरामात होतो. २४ मेगापिक्सेलचे १२ राहतात, तेही पुरतात. दोन पट कापलं तर चौथाई उरतात, २४ चे ६, आणि तिथे टीसीची बाजू वरचढ ठरू लागते, अर्थात लेन्स धारदार असेल तर.

स्वतःच परीक्षा घ्या. गच्चीवर वीस-पंचवीस मीटरवर भिंतीला वर्तमानपत्राचं पान चिकटवा. कॅमेरा ट्रायपॉडवर, टायमरवर. एकदा टीसीशिवाय, एकदा टीसीसह फोटो काढा आणि दोन्ही संगणकावर सारख्या आकाराचे करून बारीक अक्षरं वाचा. टीसीच्या फोटोत जास्त वाचता येत असेल, तर तुमच्या लेन्सवर टीसी उपयोगाचा. येत नसेल तर क्रॉपच बरा, आयएसओही वाचतो.

हवा थरथरते तेव्हा

नांदूरला सकाळी साडेनऊ-दहानंतर पाण्यावर आणि चिखलावर हवा तापून थरथरायला लागते. ममदापूरच्या माळावर तर आणखी लवकर. दुपारच्या डांबरी रस्त्यावर दिसतं तेच. १०० मीटरवरच्या बदकाच्या कडा विरघळल्यासारख्या दिसतात, एका फोटोत बरं आणि पुढच्यात मऊ. लोक लेन्सला दोष देतात, कॅलिब्रेशन करून आणतात, टीसी परत करायला जातात. जगातली सगळ्यात महाग लेन्सही या थरथरीवर काही करू शकत नाही, आणि टीसी तीच थरथर मोठी करून दाखवतो.

ओळखायची खूण सोपी आहे. जवळचा, दहा-पंधरा मीटरवरचा पक्षी धारदार येतोय आणि लांबचा येत नाही, तर दोष हवेचा. अशा वेळी टीसी काढून बॅगेत टाका, जवळचं काहीतरी टिपा किंवा नाश्ता करा. गाडीच्या आतून फोटो काढत असाल तर आतली उबदार हवा खिडकीतून बाहेर पडतानाही असंच होतं. काचा आधीपासून उघड्या ठेवा. आणि लेन्सवर पाचशे रुपयांचा यूव्ही फिल्टर असेल तर तो आधी काढा. ६०० मिमीवर तो एकटाच फोटो मऊ करायला पुरेसा असतो.

मनोऱ्यावर ट्रायपॉड लावायचा हट्ट नको. कुणी पावलं आपटत वर आलं की सगळा मनोरा हलतो आणि त्याबरोबर तुमचा ट्रायपॉड. कठड्यावर तांदूळ भरलेली कापडी पिशवी ठेवून त्यावर लेन्स टेकवा, आणि कुणी चालत असेल तर थांबा.

मग घ्यायची कोणती?

तुमच्याकडे बॉडी कोणती आहे त्यावरून निर्णय सुरू करा, लेन्ससाठी बॉडी बदलायची घाई करू नका.

निकॉन डीएसएलआर असेल तर २००-५०० एफ/५.६ कडे आधी बघा. २०१५ ची लेन्स आहे, वजन २.३ किलो, पण पूर्ण टोकाला एफ/५.६ टिकतं. बरेच लोक झेडकडे गेल्यामुळे वापरलेल्या चांगल्या लेन्स मिळतात. डी५०० सोबत उजेडात १.४ ही चालतो. डीएसएलआरवर टीसी ज्या थोड्या झूमवर शोभतो, त्यातली ही एक.

कॅनन डीएसएलआर असेल तर १००-४०० एल टू ही सगळ्यात शहाणी निवड. पैसे कमी असतील तर जुनी ४०० एफ/५.६ एल बघा. तिला स्टॅबिलायझेशन नाही आणि ती साडेतीन मीटरच्या आत येत नाही, पण सव्वा किलोची आहे आणि उडणाऱ्या पक्ष्यांवर अजूनही छान चालते. ६०० च हवी असेल तर सिग्मा किंवा टॅमरॉन जी-टू.

मिररलेस वाल्यांसाठी निर्णय सोपा झालाय. सोनीची २००-६०० आणि निकॉनची १८०-६०० या दोन्ही साधारण दोन किलोच्या, आतल्या आत झूम होणाऱ्या लेन्स आहेत. झूम करताना लांबी बदलत नाही, म्हणून बाहेरची धूळ आत ओढली जाण्याची शक्यता कमी. ममदापूरच्या धुळीत हे महत्त्वाचं. कॅननमध्ये १००-५०० हलकी आणि धारदार, २००-८०० लांब पण टोकाला एफ/९. कॅननची ६०० आणि ८०० एफ/११ स्वस्त आणि हलकी आहे, लोक मोहात पडतात. सकाळी नऊनंतरच्या उन्हात बसलेल्या पक्ष्याला ती ठीक, पण निफाडच्या धुक्यात आणि संध्याकाळी ती तुम्हाला रिकाम्या हाताने परत पाठवेल. तिच्यावर टीसी लावला की एफ/१६ होतं. चालतं म्हणून करू नका.

६०० एफ/४, ४०० एफ/२.८ या वर्गात नवी लेन्स दहा लाखांच्या पुढे जाते. टीसी खरा शोभतो तो इथेच. ४०० एफ/२.८ वर २ एक्स लावूनही ८०० एफ/५.६ हातात राहते. निकॉनने तर झेड ४०० आणि ६०० च्या मोठ्या लेन्समध्ये १.४ आतच बसवलाय, खटका ओढला की लागला. निवृत्तीचे पैसे आले म्हणून पहिलीच लेन्स ही घ्यायची असं मनात असेल, तर आधी तीन किलोचं वजन खांद्यावर घेऊन अंजनेरीच्या पायऱ्या चढून बघा.

घेण्याआधी भाड्याने आणा

नाशिक, पुणे, मुंबईत लेन्स भाड्याने मिळतात. शनिवार-रविवारच्या भाड्यात तुमच्या लाखभर रुपयांचा निर्णय सुधारू शकतो. लेन्स ताब्यात घेताना पुढची-मागची काच, माउंट आणि सीरियल नंबर यांचा मोबाइलवर व्हिडिओ करून तिथल्या तिथे देणाऱ्याला पाठवा. अनामत किती, परत कधी, नुकसान झालं तर कुणी भरायचं हे मेसेजमध्ये लिहून घ्या. ओळखपत्राची मूळ प्रत ठेवून देऊ नका, छायाप्रत द्या.

वापरलेली लेन्स तपासताना

- टॉर्च मागून मारून पुढून आत बघा. जाळीसारखे धागे दिसले तर बुरशी. किंमत कितीही कमी असली तरी सोडा.
- माउंट पकडून हलवा. टीसीसह लावूनही हलवा. खडखड नको.
- स्टॅबिलायझेशन चालू करून कान लावा. हलकी घरघर ठीक, ठोके नकोत.
- वर्तमानपत्राचं पान सपाट लावून चारही कोपरे तपासा. एकच कोपरा मऊ येत असेल तर आतली काच सरकलेली असू शकते.
- सीरियल नंबर बिलावरच्या नंबराशी जुळवा. बिल नाही म्हणणाऱ्याशी व्यवहार नको, चोरीचा माल असू शकतो.

खासगी व्यक्तीकडून घेतलेल्या मालाला ग्राहक कायद्याचा आधार मिळणं कठीण. म्हणून भेटून, दिवसाउजेडी, तपासून पैसे द्या.

बिल, वॉरंटी आणि तुमचे हक्क

‘बिलाशिवाय घ्या, आठ-दहा हजार कमी करतो’ ही ऑफर येते. ती लेन्स बहुधा ग्रे मार्केटची असते, म्हणजे कंपनीच्या भारतीय वितरकाकडून न आलेली, आणि बिघडली की भारतातली वॉरंटी लागू होत नाही. खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी आणि ग्राहक सेवेचा क्रमांक असलेलं लेबल हवं, आयात मालाला ते कायद्याने बंधनकारक आहे. वॉरंटी कार्डावर शिक्का आणि तारीख तिथेच घ्या. टीसीचं बिल आणि सीरियल नंबर वेगळा नोंदवून घ्या.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष वस्तू बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं छापून हा हक्क जात नाही. मात्र ‘माझ्या बॉडीवर एफ/९ ला फोकस होत नाही’ हा दोष नव्हे, ती तुमची चुकलेली निवड. म्हणूनच खरेदीआधी दुकानदाराला व्हॉट्सअ‍ॅपवर विचारा: ‘अमुक बॉडी, अमुक लेन्स, हा टीसी, ऑटोफोकस चालेल का?’ त्याने ‘हो’ लिहिलं तर तो तुमचा पुरावा.

ऑनलाइन घेतलंत तर खोकं उघडताना न थांबवता व्हिडिओ करा. ई-कॉमर्स नियम २०२० नुसार साइटच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. तेवढ्याने झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच, म्हणजे नाशिकलाच, तक्रार करता येते, दुकान मुंबईचं असलं तरी. मुदत दोन वर्षं, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचं शुल्क नाही. लग्नाचे किंवा जंगलाचे फोटो काढून त्यावरच स्वतःचं पोट भरणाऱ्यांनी ‘तुम्ही व्यावसायिक, तुम्ही ग्राहक नाही’ या उत्तराने गप्प बसू नये. स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू कायद्यात ग्राहकाचीच धरली जाते.

पावसाळा

इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात फिरून आल्यावर लेन्स बॅगेत बंद ठेवू नका. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक पुरतो, आर्द्रता ४०-५० टक्क्यांवर ठेवा. टीसीला दोन्ही बाजूंची झाकणं लावा. त्याच्यावरचा बोटाचा ठसा सगळ्यांत उशिरा लक्षात येतो.

अभयारण्यात गेल्यावर

प्रवेश आणि कॅमेऱ्याचं शुल्क फाटकावरच्या फलकावर बघून भरा आणि पावती जवळ ठेवा. ड्रोन नको. नांदूरचे स्थानिक गाइड घ्या. कुठला थवा सध्या कुठे उतरतोय हे त्यांना माहीत असतं, आणि ते कळलं की टीसीची गरज निम्मी होते. निफाड-सिन्नरच्या उसात बिबट्या आल्याची बातमी कळली म्हणून ६०० घेऊन बांधावर धावू नका. तिथे गर्दी केली की वन विभागाचं काम अडतं आणि बिथरलेला बिबट्या गावाकडे वळतो.

घरट्यांच्या बाबतीत कायदा स्पष्ट आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणं धरलेलं आहे. लांब लेन्स हातात आहे म्हणून घरट्याची फांदी वाकवून, पानं काढून केलेला फोटो त्यात बसतो. घरटं दिसलं तर जागा कुणाला सांगू नका, लोकेशन टाकू नका. आणि फोटो स्पर्धा भरवणाऱ्या नाशिकच्या मंडळांना विनंती, नियमावलीत एक ओळ घाला: घरट्याचे फोटो बाद.